रकाना क्रमांक सात

मानधनाच्या अर्जात सातवा रकाना : कलाप्रकार.
खाली बारीक अक्षरात, एकच लिहावा.
सगुण मेस्त्री माझ्या टेबलासमोर बसलेले,
पायाशी पिशवी, पिशवीत दुधी,
नखांत निळा ऑइलपेंट.

काय लिहू, विचारलं.
म्हणाले, "एक लिवलंस तर बाकीची रुसतली गो."

वेंगुर्ल्याच्या बंदरात
ज्या होडीवर 'सातेरीप्रसाद' असं वळणदार लिहिलंय
तो हात यांचा.
चतुर्थीआधी दोन महिने हाच हात
चिकणमातीत कोपरापर्यंत.
जत्रा सुरू झाल्या की पखवाज.
आणि नट तापानं फणफणला तर
पखवाज दुसऱ्याच्या मांडीवर देऊन,
लुगडं नेसून,
दमयंती.

इनास मास्तर गेले तेव्हा
त्यांचं व्हायोलिन यांच्याकडे आलं.
मास्तरांच्या बायकोनं स्वतः आणून दिलं,
"शिकलो तो तूच एकलो" म्हणत.
तेव्हापासून चर्चमधल्या एका स्तोत्राची चाल
संकासुराच्या प्रवेशात हळूच येऊन बसते.
ओळखणारे दोघेच, फादर आणि मी.
फादर बोलत नाहीत.
मी अर्ज भरते.

संस्थेचा दाखला जोडावा, असा नियम.
त्यांनी तीन जोडले.
कंपनीचे मालक लिहितात : गेली एकतीस वर्षं आमच्याकडेच.
फादर लिहितात : आमच्या क्वायरचे.
तांडेलाचा नुसता अंगठा,
वर नातवाच्या अक्षरात : माणूस आमचा.

ओरोसहून लाल शाईत शेरा आला :
चोवीस डिसेंबरच्या रात्री
सदर इसम दोन ठिकाणी कसा?

मी होते त्या रात्री.
मिस्सा संपली साडेबाराला.
कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे,
व्हायोलिन पोटाशी धरून,
घाटीच्या वळणांवर डोळे मिटून
ते डोंगरापलीकडच्या जत्रेत पोचले.
देवळामागे एका बल्बखाली
गुडघ्यावर आरसा टेकवून रंग लावायला बसले.
बाहीवर मेणाचा थेंब तसाच.
श्वास रोखून पापणीची रेघ ओढली
आणि मला एकदम
आमच्या घरचा गणपती दिसला,
मग 'सातेरीप्रसाद'च्या नाळेवरचा
पाण्याकडे बघणारा डोळा.
खाजं खाता खाता मी तशीच उभी.

हे लाल शाईला कसं कळवायचं?
'शेऱ्यास अनुसरून खुलासा' एवढं टाइप केलं
आणि चहाला गेले.

काल ते परत आले. या वेळी तवशी.
माझं बॉलपेन मागून घेतलं
आणि सातव्या रकान्यात
एक डोळा काढला.
वरची पापणी, खालची कड,
कोपऱ्यातला ओलावासुद्धा,
तो निळ्या बॉलपेनातून कसा आणला कोण जाणे.
बुबुळ तेवढं रिकामं.

विसरलात, म्हटलं.
"तां मागसून," म्हणाले, उठले,
"भरती लागता हा. होडयेचां नाव अर्धां रवलां."

अर्ज कुठेच पाठवलेला नाही.
ड्रॉवरमध्ये आहे, रबरी शिक्क्यांच्या खाली.
स्टेपलर काढायला ड्रॉवर उघडते तेव्हा
तो अजून बघत नसतो.
तरी मी ड्रॉवर
आवाज न करता बंद करते.