एकोणीस

बिडवे मॅडम मासे खात नव्हत्या, पाळायच्या.
परभणीकडच्या, बँकेत होत्या,
माझ्या पडवीतल्या खोलीत दोन वर्षं राहिल्या.
बदली आली तेव्हा गादी, मिक्सर, देव
सगळं टेम्पोत मावलं,
ही काचेची पेटी तेवढी मावेना.
"चार दिवस सांभाळा, सुगंधाताई,
मी माणूस पाठवते."
त्या चार दिवसांना आता चौथं वर्ष लागलं.

(नाव सुगंधा, आणि मी मालवणच्या बाजारात
मासे कापून देते. हसा.)

बांगडा वाट्याने, तारली घमेल्याने,
सुरमईला वजनकाटा,
सगळ्याचं माप हाताला पाठ.
पण हा मासा कुठल्याच मापात बसेना:
भाताच्या दाण्याला डोळे फुटावेत एवढा,
अंगावर विझत आलेल्या निखाऱ्याचा रंग.
मॅडमनी चिठ्ठीवर लिहून दिलेलं, एम्बर टेट्रा, नग एकोणीस.
मी त्यांना इंगळ म्हणते.
हे ट्रॉलरवरून आले, काचेला नाक लावून बघितलं,
म्हणाले, "हेंचा काय करतलंस?
कढयेत घातलंस तरी दिसाचे नाय."

आमच्या बोअरिंगचं पाणी शिमग्यानंतर मचूळ होतं.
एकदा तेच घातलं, तर सगळे एका कोपऱ्यात
एकमेकांना चिकटून,
परक्या गावात उतरलेल्या वऱ्हाडासारखे.
तेव्हापासून दर रविवारी दोन कॅन
कुंभारमाठच्या मावसबहिणीच्या विहिरीचं,
जांभ्यातून झिरपलेलं. रिक्षाचे साठ रुपये.
हे मी घरात सांगितलेलं नाही.

शाळेच्या आवारातल्या बदामाची लाल पानं
वाळवून ठेवते. एक पान बुडवलं की
दोन दिवसांत पाणी कोऱ्या चहासारखं होतं.
शेजारीण म्हणते, गो, घाण झालंय, बदल.
मी म्हणते, त्यांना आवडतं.
आवडतं हे मला कसं कळलं,
ते विचारलं तर सांगता यायचं नाही.

बाजारातून आले की हात तीनदा धुते:
चिंचेने, साबणाने,
आणि मग उगाच एकदा.
उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक,
सुईच्या टोकावर येईल तेवढाच.
सगळे एकदम वळतात.
एकाने वळायचं ठरवलं असं नसतंच.

त्या वादळाच्या रात्री यांची बोट देवगडला आसऱ्याला गेली,
असं कोणीतरी म्हणालं. फोन लागेना.
लाइट गेलेली. पेटीतला पंप मुका.
मी कप घेऊन बसले:
पाणी उचलायचं, वरून सोडायचं,
उचलायचं, सोडायचं,
पाण्यात हवा जावी म्हणून.
बॅटरीच्या उजेडात ते एकोणीस जण
एका दिशेला तोंड करून थांबलेले,
खिडकीकडे. खिडकीपलीकडे समुद्र आहे,
पण तो त्यांना काय माहीत.
किती कप झाले ते मोजलं नाही.

सकाळी सात दहाला फोन आला.
"आसंय मी. चाय पितंय."
मग मी मोजलं. अठरा.

दगडाखाली बघितलं, पानाखाली, फिल्टरच्या जाळीत,
फरशीवरसुद्धा, गुडघ्यावर बसून.
काही नाही. काटासुद्धा नाही.
अकरा वाजता बाजारात कोणी विचारलं,
डोळे लाल कशाने?
मी म्हटलं, कांदा.
समोर बांगड्यांचा ढीग होता,
हात चालूच होते.

आता रोज झोपण्याआधी मोजते.
ते थांबत नाहीत, माप चुकतं:
कधी सतरा, कधी अठरा,
एखाद्या दिवशी पानामागून येऊन
कोणीतरी दोनदा मोजला जातो
आणि एकोणीस भरतात.
त्या रात्री मी पुन्हा मोजत नाही.
दिवा मालवते.