क्रियापदाखाली रेघ

दर मंगळवारी संध्याकाळी मी वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर
हीटरशेजारच्या टेबलाशी बसते.
‘लेखन साहाय्य’ असा पुठ्ठ्याचा फलक, एक टोकदार पेन्सिल,
आणि टिश्यूचा खोका.
खोका कुणी ठेवला माहीत नाही. पण लागतो.

एफी मॅकिसॅक आली ती बुटांवरचा बर्फ आपटत.
वय सत्तावन्न. जन्म केप ब्रेटनचा, बाकी सगळंही इथलंच,
शाळेच्या कँटीनमध्ये सव्वीस वर्षं सूप ढवळून
आता इतिहासाचा पहिला निबंध.
“पंधराशे शब्द मागितले होते, मी दोन हजार दिले,”
जणू माप भरल्यावर वरून मूठभर घातले.
माथ्यावर लाल शाई :
हे प्रश्नाचं उत्तर नाही. पुन्हा लिहा.

मी वाचला.
खाणीत उतरताना पितळी बिल्ला फळीवर टांगायचा,
वर आलं की काढून घ्यायचा.
तिच्या वडिलांचा चारशे बारा.
नऊ वर्षांची मुलगी आकडे वाचायला तिथेच शिकली,
आणि एका गुरुवारी, दिवे लागल्यावर,
सगळे खिळे रिकामे होते,
एक सोडून.

अकरा वर्षं मी लोकांचे निबंध वाचते आहे.
असा वाचला नव्हता.
आणि लाल शाई बरोबर होती.

“सूचनांचा कागद कुठाय?”
पिशवीच्या तळातून निघाला, चार घड्या, आत बसचं तिकीट.
एकदाच वाचला होता, वर्गाबाहेर, उभ्या उभ्या.
“खाण हा शब्द दिसला, आणि पुढचं
मी वाचलंच नाही गं.”

पेन्सिल तिच्या हातात दिली.
तुला काय करायला सांगितलंय? तो शब्द शोध, खाली रेघ ओढ.
तिनं ‘खाण’खाली ओढली.
ते नाम आहे, मी म्हटलं.
हसली. “आमच्या घरात ते क्रियापदच होतं.”

मग बोट ठेवून, एकेक शब्द.
खाण बंद झाल्यानंतरच्या दोन अहवालांची तुलना करा.
त्यांचं कुठे पटत नाही, ते दाखवा.
“म्हणजे माझं मत नको?”
हवं. पण शेवटी, आणि कशावरून ते सांगून.
“आणि बाबा?”

बाहेरून बर्फ लोटणारी गाडी गेली,
तिचा पिवळा दिवा छतावरून एकदा फिरला.
या प्रश्नात नाहीत, मी म्हटलं.
हे वाक्य कसं म्हणायचं, ते आम्हाला
कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलेलं नाही.

थर्मासमधला चहा तिनं झाकणात ओतला,
माझ्यापुढे सरकवला. बराच वेळ काही बोलली नाही.
“ऑर्डर सूपची होती,” शेवटी म्हणाली, “आणि मी पाव भाजला.”
पाव चांगला होता.
“चांगलाच होता. पण समोरचा चमचा घेऊन बसलाय ना.”

पुढच्या शुक्रवारी नवा निबंध गेला. कोरडा, नीट.
एक अहवाल म्हणतो, कुटुंबं ‘स्थलांतरित झाली’,
दुसरा म्हणतो, ‘हलवली गेली’.
या दोन क्रियापदांच्या मधल्या फटीत
एफीनं अख्खं पान घातलं.
बी अधिक मिळाला. एवढा? मला विचाराल तर कमीच.

पण त्या मंगळवारचं राहिलंच.
उठण्याआधी तिनं जुना निबंध पुन्हा समोर घेतला.
उत्तर चाळीस-पन्नास वर्षं तयार होतं,
विचारलंच नव्हतं कुणी.
लाल शाईच्याही वर जेमतेम जागा होती,
तिथे बारीक अक्षरात लिहिलं :
त्या संध्याकाळी फळीपाशी कोण थांबलं होतं?

आणि ‘थांबलं होतं’च्या खाली
सावकाश, पट्टी नसताना सरळ,
रेघ ओढली.

पेन्सिल घेऊनच गेली.