पाचव्यांदा

रायबंदरला, धक्क्याजवळच्या हॉलात
नोंदीचे कागद उडू नयेत म्हणून पंखे हळू ठेवलेत.
बाकीचे पट मोकळे झाले,
पहिल्या पटावर तेवढे दोघे.

रोहिदास लोटलीकर, पांढरी, एक प्यादं जास्त.
ते सातव्या घरात पोचलंय,
वजीर व्हायला एक पाऊल उरलंय,
आणि त्या शेवटच्या घरात उभा आहे
त्याचाच हत्ती.
हलला तर प्यादं जातं. न हलला तर दार बंद.

एव्हेलिना मिनेझिसचा हत्ती पार खाली, त्याच पट्टीत.
तिचा राजा दूर कोपऱ्यापाशी, अंग चोरून.
पांढरा राजा प्याद्याला आधार द्यायला जातो:
खालून शह.
मागे वळतो: हत्ती परत आपल्या जागी.
पुन्हा जातो: शह.
बाहेर दिवाडची फेरीबोट लागते, सुटते, लागते.

तिसऱ्यांदा तीच स्थिती आली तेव्हा
दोघांपैकी कुणीही मागितली असती, मी बरोबरी दिली असती.
कुणी मागेना.
त्याचं मी समजू शकतो, पाच तास सांभाळलेलं प्यादं.
तिचं नाही समजलं.
तिने पेनाला टोपण लावलं, काढलं.

चौथ्यांदा.

नियम असा, की पाचव्यांदा पंचाने आपणहून थांबवायचं.
माझा हात घड्याळापर्यंत गेला
आणि तिथेच जरा रेंगाळला.

"बरोबरी," मी म्हटलं. आवाज घोगरा निघाला,
दुपारपासून कुणाशी बोललोच नव्हतो.
तिने मान वर केली. "जालें?"
"जालें," तो म्हणाला.

हात मिळवले. सह्या. अर्धा, अर्धा.
बरोबरीची खूण म्हणून मी दोन्ही राजे
पटाच्या मध्यावर ठेवले,
अख्ख्या डावात ज्यांना एकमेकांच्या शेजारी
पाऊल टाकायची बंदी, ते दोघे
कोपराला कोपर लावून.

क्षणभरच. रोहिदासने पांढरा राजा उचलला,
चौतिसाव्या खेळीपाशी सगळं परत मांडलं,
हत्ती प्याद्याच्या पुढे नेण्याऐवजी
मागे ठेवला
आणि बघत राहिला.

"मग मी हरले असते," एव्हेलिना म्हणाली,
चहात साखर कमी आहे म्हणावं तसं.

भोंगा झाला. तिने खिडकीकडे पाहिलं,
उठली नाही. खुर्ची पुढे ओढली.
"त्याच्या आधीची दाखव."