चोवीस पॉइंटात ऱ्या

साखर पेठेत शटरच्या आत आठ बाय दहा.
त्यात मी, कटिंग मशीन,
आणि सासरे, नरसय्या येमूल,
छत्तीस वर्षं कंपोझिटर, आता नुसते बसतात.

नवं मशीन आलं. पण त्यात घालायचं काय?
नवी पेठेतला पोरगा म्हणाला,
"पेजमेकर टाकून देतो की ओ वहिनी, सीडी आहे."
अरे, तो तर कधीच मेला.
"मेला, पण चालतोय ना?"

दुसरं दरमहा भाडं मागतं,
म्हणजे वैशाखातल्या पत्रिकांची निम्मी कमाई
कधी न दिसणाऱ्या घरमालकाला.
तिसरं फुकट.
फुकट म्हटल्यावर मामांनी चष्म्यावरून बघितलं.

मी परीक्षा एकच ठेवली. प्रत्येकात टाइप केलं :
सुऱ्या, तऱ्हा, दोऱ्याचं रीळ.
एकानं र चा पाय मोडून बाजूला ठेवला.
एकानं मध्येच ठिपक्यांचं रिकामं गोल काढलं,
जसं काही अक्षर आत्ताच उठून गेलंय.
फुकटच्यात नीट आलं.

मामांनी कागद हातभर लांब धरला,
मग पालथा करून मागून अंगठा फिरवला.
खिळ्याचा दाब शोधायची जुनी खोड.
लेझरला कुठला दाब?
"ऱ्या आलाय," म्हणाले, "पण रुसल्यासारखा लांब उभा आहे.
जवळ घे त्याला."
घेतला. आला.
एवढ्यावर ठरलं.

संध्याकाळी यादगिरी बोम्मा, आईच्या तेराव्याचं कार्ड.
"माझ्या लग्नाची पत्रिका तूच केलती,
त्यात तिचं नाव बरोबर होतं. तेच घे."

फाइल सापडली. नव्यात उघडली :
डॉलर, टक्का, उलटा कंस, पुन्हा डॉलर.
जुनं मशीन कोपऱ्यात, वर सेकंडचा टॉवेल,
त्याचा पंखा गेल्या उन्हाळ्यातच बसलाय.

पण हे मला वाचता येतं.
डॉलर म्हणजे ब, तिरकी रेघ म्हणजे काना.
वीस वर्षं पडद्यामागचं हेच बघितलंय.
मामा हसले. "आम्ही खिळे उलटे वाचायचो,
तू हे वाच."

वाचलं. एकेक अक्षर नव्यानं बसवलं :
कै. बाल नरसव्वा.

यादगिरी वाकून बघत राहिले.
"मध्ये जागा सोडू नको ओ," म्हणाले,
"एकच बाई होती ती."