जायफळाच्या बेटावर

कंपनीचं तिकीट फक्त घरापर्यंत असतं.
बावीस वर्षांत अकरा तिकिटं मिळाली
आणि अकराही घरीच गेली:
दोन स्लॅबला, एक धाकटीच्या लग्नाला,
एक अण्णांच्या बायपासला, एक त्यांच्याच वर्षश्राद्धाला.
बाकीची कुठं गेली
ते हेमांगीच्या वहीत आहे, मला विचारू नका.

बारावं आम्ही रोख मागून घेतलं.
अकाउंट्समधला कुन्हंबू चष्म्यावरून बघत राहिला,
मग हळूच म्हणाला,
घरी सगळे बरे आहेत ना?

मुहर्रकचा ऑगस्ट. भिंतींनाही घाम.
एसीखालचं टमरेल तासाला भरतं,
ती ते नेऊन कढीपत्त्याला घालते.
परत येऊन फरशीवर बसते, नकाशापाशी.
नकाशा किराणावाल्याच्या कॅलेंडरमागचा.
त्यात आपलं बेट एक ठिपका.
ग्रेनाडा तर तेवढंही नाही.
छपाईत सांडलेली शाई समजून
मी नखानं खरवडत होतो.
"अहो, थांबा! तेच आहे ते."

तिथंच का, तर त्याला एक कारण आहे.
ड्राय डॉकला एकदा एक बोट लागली होती, तिचा खानसामा तिथला.
त्यानं वर्तमानपत्राच्या पुडीत
ओंजळभर जायफळं दिली मला,
म्हणाला, आमच्या झेंड्यावरसुद्धा आहे हे.
झेंड्यावर!
त्या पाडव्याच्या श्रीखंडात ते किसताना
हेमांगी मध्येच थांबली. म्हणाली,
ज्या देशाला जायफळाची एवढी किंमत,
तो बघायला पाहिजे.

आईला फोनवर सांगितलं.
पलीकडं बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.
"जायफळ बघायला?
अरे, विहिरीवरचं झाड काय मेलंय?
परवाच सत्तर उतरवली, पत्री सुकत घातलीय अंगणात.
ये की इकडं. फुकट बघ."

बेटाला आमचा पासपोर्ट चालतो, व्हिसा नको म्हणतात.
वाटेलाच चालत नाही.
लंडनात विमान बदलायचं,
तर तिथल्या चार तासांच्या बाकड्यासाठी
सहा महिन्यांचं बँकेचं खातं दाखवा,
पगाराचं पत्र दाखवा,
आणि परत जाणार हे पटवून द्या.
परत जाणार हे?
बावीस वर्षं आम्ही दुसरं काय करतोय!

स्वस्त तिकिटं सप्टेंबरची.
स्वस्त का, तर तेव्हा तिथं वादळं.
हेमांगीनं खांदे उडवले:
फयान बघितलं, निसर्ग बघितलं,
तौक्त्यात तर पत्रे शेजारच्या गावात सापडले.
वादळ काय, ओळखीचंच की.

भीती तिला वेगळ्याच गोष्टीची आहे.
ते मला उशिरा कळलं.
बावीस वर्षं बेटावर राहून
घोट्याच्या वर समुद्र तिनं चढू दिलेला नाही.
आता दर मंगळवारी, बायकांच्या वेळेत,
कोपऱ्यावरच्या तलावावर जाते. वय एक्कावन्न.
कठडा धरून पाय मारते, कठडा सोडत नाही.

खालच्या मजल्यावरचे बू-इसा म्हणाले,
माझे आजोबा मोत्यांसाठी उतरायचे,
पायाला दगड, नाकाला चिमटा.
खाली काय दिसलं, कधी बोलले नाहीत.
फक्त म्हणायचे, उतरण्याआधी
शेवटचा श्वास हावरटासारखा घेऊ नये.

तिकिटं अजून काढलेली नाहीत.
आम्ही वाद घालत होतो
तेवढ्यात चाळीस दिनार वाढले.

रात्री मोरीत उजेड दिसला.
कपड्यांचा मोठा टब, काठोकाठ पाणी,
त्यात तोंड बुडवून ती गुडघ्यांवर बसलेली,
वेणी मागं खोचलेली, कानाशी फेस.
एक हात वर करून मला खूण केली:
मोजा.

मी दारात उभा राहून मोजतोय.
सतरा.
अठरा.