एक्केचाळीस

घणसोलीत, रो-हाऊसच्या दारात
ताडपत्रीखाली तीन वर्षं लष्करी वन-टन ट्रक.
लिलावात घेतला, किलोच्या भावानं.
भंगारवाला अजून विचारून जातो.

रंग खरवडत गेलो :
वर कुणा कंत्राटदाराचा पिवळा, मग निळा,
तळाशी हिरवा,
आणि दाराच्या आतून खिळ्यानं कोरलेलं –
'छुट्टी ४१ दिन'.
पॉलिशपेपर तिथंच थांबला.

तुर्भ्याचा गिअर बसेना.
कुर्ल्याचा बसला, कुरकुरत.
काल शेजारी बसून मी पुढच्या चाकांचा दांडा ओढला,
चारुशीलानं क्लच सोडला;
चारही चाकांनी मिळून
म्हात्र्यांच्या कुंडीपर्यंत मजल मारली.
सव्वा हात.

आता सगळीकडे रंग दिलाय,
तेवढी वीतभर जागा सोडून.
रात्री दार लावताना खिशात
खिळा लागला हाताला.

चाळीस करावे का?