चांदणीचा रकाना

हडर्सफील्ड, डिसेंबर. पावणेतीनलाच
वर्गातले दिवे लावलेले.
चटईवर चौतीस कार्डं ओतली:
हिममानव, घंटा, पुडिंग, रॉबिन पक्षी, चांदणी.
"सारखं सारख्याच्या डोक्यावर ठेवा," मी म्हटलं,
"मग मोजू, कुणाचा मनोरा उंच."

ओवेनचे हिममानव नऊ झाले,
थेट खुर्चीच्या पायापर्यंत.
रॉबिन तीनच. ते त्याच्या मनाला लागलं.

मॉर्वेनाने दोनच रकाने आखले:
गार आणि गरम.
घंटा गार. "हात लावून बघा ना, मिस."
पुडिंग गरम. रॉबिनही गरम,
त्याच्या छातीत शेकोटी पेटलीय म्हणे.
चांदणी मात्र हातातच धरून बसली.
"हिला कुणी हात लावलाय?"

मला उत्तर येईना.
नोंदवहीत तिच्या नावापुढे
वर्गीकरण जमले, की जमले नाही?
पेनला टोपण लावून टाकलं.

साडेचारच्या बससाठी उभी होते,
काळोख, बोचरं वारं.
पास शोधताना कार्डिगनच्या खिशात
चांदणी लागली हाताला.
कधी सरकवली हिने?
एक कोपरा चावलेला,
आणि कोमट.